कंपनीचं मशीन बंद पडलं तर येणार कोण? दुरुस्तीच्या प्लॅनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. ऑफिसचे लॅपटॉप, काउंटरवरचे पीसी, सेल्सच्या पोरांना दिलेले मोबाईल, यांच्यावर जास्तीची वॉरंटी घ्यायची का, घेतली तर कुठली, आणि घेतल्यावर ती खरंच कामाला येते का. बेळगाव भागातल्या उद्यमबाग, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडनं लिहिलंय लोकांनी. मार्च जवळ आला की डीलर लोक कोटेशनं घेऊन फिरायला लागतात, त्यामुळं हे आत्ताच बोललेलं बरं. एक-दोन उत्तरं लांबलीत, पण पैशाचा मामला आहे, घाई करून उपयोग नाही.

नमस्कार सर, आमची उद्यमबागला फाउंड्री आहे, मी अकाउंट्स आणि खरेदी दोन्ही बघतो. नवीन 40 लॅपटॉप घ्यायचं ठरलंय. डीलर सांगालाय की सगळ्यांवर तीन वर्षांचा फुल प्लॅन घ्या, ऑनसाइट सर्व्हिस (इंजिनिअर जागेवर येऊन दुरुस्ती) अधिक अपघाती कव्हर, मशीनमागं 7,500. नुसती तीन वर्षं ऑनसाइट घेतली तर 3,000. मालक म्हणतात एक वर्षाची वॉरंटी फुकट येतेय की, पुढचं पुढं बघू. मी मधी अडकलोय. काय करू?
— खरेदी विभाग, उद्यमबाग

दादा, मालक पूर्ण चूक नाहीत आणि डीलरही नाही, चुकतंय ते "सगळ्यांवर एकच" या ठिकाणी. 40 मशीनं काही एकसारखी वापरली जात नाहीत. अकाउंट्सचा लॅपटॉप सकाळी टेबलावर उघडतो आणि संध्याकाळी तिथंच बंद होतो, तो पडायचा प्रश्नच नाही. मार्केटिंगवाल्याचा लॅपटॉप पुण्याला, होसूरला, बसमधनं, गाडीच्या डिकीतनं फिरतो. आणि शॉप फ्लोअरवर सुपरवायझरच्या टेबलावर जो ठेवलाय त्याची गोष्ट तिसरीच.

आधी फरक बघून घ्या, कारण कोटेशनमध्ये सगळं एका ओळीत लिहून येतं. साधी वॉरंटी, मग ती एक वर्षाची असो नाहीतर वाढवून तीनची, ती फक्त मशीनच्या अंगच्या दोषाला असते. मदरबोर्ड आपोआप गेला, कीबोर्डची एक ओळ चालेना, स्क्रीनवर रेघा आल्या, तर मिळणार. हातातनं पडला, चहा सांडला, लाईट जोरात येऊन जळाला, तर नाही मिळणार, त्याला अपघाती कव्हर वेगळं लागतं. आणि अपघाती कव्हरलाही कुंपण असतं, बऱ्याच प्लॅनमध्ये वर्षाला एकच क्लेम चालतो, चोरी आणि हरवणं त्यात नसतं, ओरखडे, कोपऱ्यातला पोचा असलं दिसण्यापुरतं नुकसान नसतं. हे कागदावर बारीक अक्षरात असतंच, फक्त डीलरला विचारायचं की "मला हे पान दाखवा", तोंडी नको.

आता शॉप फ्लोअरचं. फाउंड्रीतला दोन वर्षं वापरलेला लॅपटॉप एकदा उघडून बघा तुम्ही. खालचे स्क्रू काढून कव्हर उचललं की फॅनच्या पात्यांवर काळी भुकटी, हीटसिंकच्या जाळीत तीच गच्च बसलेली, बोट फिरवलं तर काजळ घातल्यासारखं बोट निघतं. त्यात लोखंडाची बारीक धूळ असते आणि तिच्यातनं वीज वाहते. बोर्डावर ती साचली, त्यात पावसाळ्याची ओल लागली की शॉर्ट. इंजिनिअर येतो, कव्हर काढतो, मोबाईलवर फोटो काढून वर पाठवतो आणि उत्तर येतं की हे वापरण्याच्या जागेमुळं झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. अपघाती प्लॅन असला तरी नाही, कारण धूळ हळूहळू साचते, तो अपघात नव्हे. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त मशीनं मरतात तिथंच फुल प्लॅन सगळ्यात कमी कामाचा. तिथं पैसा दुसरीकडं घाला. केबिनला दार आणि काच लावून मशीन आत ठेवा, नाहीतर फॅन नसलेला छोटा इंडस्ट्रियल पीसी बसवा, आणि दर तीन महिन्यांनी आतनं साफ करून घ्या.

हिशोब करून बघू. सगळ्यांवर फुल प्लॅन म्हणजे 40 गुणिले 7,500, तीन लाख. त्याऐवजी बाहेर फिरणारी समजा 12 मशीनं आहेत, त्यांच्यावर फुल प्लॅन, 90,000 झाले. राहिलेल्या 28 वर नुसती तीन वर्षांची ऑनसाइट, 84,000. आणि त्याच मॉडेलचे दोन लॅपटॉप जादा घ्या, 45,000 च्या हिशोबानं 90,000. एकूण 2,64,000. वाचले 36,000, ते काही फार नाहीत, खरं कपाटात दोन तयार मशीनं बसली की. कुणाचा लॅपटॉप बंद पडला तर इंजिनिअर उद्या येवो नाहीतर तेरवा, माणूस अर्ध्या तासात कामाला लागतो. माझं स्पष्ट मत आहे, 20 च्या वर मशीनं असणाऱ्या कुठल्याही कारखान्यानं महागातला प्लॅन घ्यायच्या आधी जादा मशीन घ्यावं. प्लॅन मशीन दुरुस्त करतो, तोवर गेलेला दिवस परत देत नाही.

आणि मालकांना एवढं सांगा की "पुढचं पुढं बघू" हे अपघाती कव्हरला चालत नाही. ते बहुतेक वेळा मशीन घेतानाच, नाहीतर त्यानंतर ठरावीक दिवसांतच मिळतं. भारतात ॲपलकेअर प्लस (ॲपलचा अपघाती कव्हरचा प्लॅन) घ्यायचं तर खरेदीपासून 60 दिवसांच्या आत घ्यावं लागतं. लॅपटॉप कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, पण वॉरंटी एकदा संपू दिली की नंतर वाढवणं एकतर बंद नाहीतर तपासणी करून जास्त पैशात.

अजून एक, माल आला त्याच दिवशी करायचं काम. प्रत्येक लॅपटॉपच्या मागचा सिरियल नंबर, डेलचा असेल तर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग, कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत दाखवतेय ते बघा. डीलरकडं माल पडून असला तर तारीख डीलरच्या खरेदीची लागलेली असते आणि तुमचे चार-पाच महिने आधीच गेलेले असतात. बिल पाठवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्या आठवड्यात सोपं जातं, दोन वर्षांनी मशीन बंद पडल्यावर नाही. तसंच पैसे तीन वर्षांचे घेतलेत आणि साइटवर एकच वर्ष दिसतंय असंही होतं, कारण प्लॅन विकत घेतला तरी तो सिरियल नंबरवर चढवायला लागतो आणि डीलर ते विसरतो. 40 ओळींची एक एक्सेल शीट, दुसरं काही लागत नाही.

आमच्या सोसायटीची शाखा खानापूर तालुक्यात आहे. प्लॅनवर "नेक्स्ट बिझनेस डे ऑनसाइट" (कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर दारात) लिहिलंय, आम्ही त्याच भरवशावर जादा पैसे भरले. जुलैमध्ये काउंटरचा पीसी बंद पडला, इंजिनिअर चौथ्या दिवशी आला. आता ही फसवणूक नव्हे काय?
— शाखा व्यवस्थापक, खानापूर तालुका

साहेब, तुमचा राग बरोबर आहे पण कागदावर ते सुटतात, कसे ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी अडकणार नाही.

"नेक्स्ट बिझनेस डे" चा दिवस तुम्ही फोन केला तेव्हापासून मोजत नाहीत. फोनवर आधी तपासणी होते, हे बंद करा, ते चालू करा, मशीन चालू होत असेल तर त्याच्या आतलीच टेस्ट चालवा (डेलला सुरू करताना एफ 12, एचपीला एफ 2), आलेला एरर कोड सांगा. ते सगळं होऊन "पार्ट लागणार" असं ठरलं की मग घड्याळ सुरू. ते ठरलं संध्याकाळी उशिरा तर आणखी एक दिवस पुढं. आणि घड्याळ आहे ते इंजिनिअर येण्याचं, मशीन चालू होण्याचं नव्हे. त्यात रविवार नाही, सणाच्या सुट्ट्या नाहीत, 1 नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी धरली तर तीही नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पिनकोड. 590001 (बेळगाव शहर) ला जे मिळतं ते 591302 (खानापूर) ला मिळेलच असं नाही, कारण बऱ्याच प्लॅनमध्ये सर्व्हिस सेंटरपासून ठरावीक अंतराच्या पुढं "जादा वेळ लागू शकतो" असं लिहिलेलं असतं. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगणार, पार्ट घेऊन येणारं कुरिअरही त्याच रस्त्यानं येतं.

म्हणून प्लॅन घेताना डीलरला मेल करा, तोंडी विचारू नका, आणि त्यात प्रत्येक शाखेचा पिनकोड घालून विचारा की या पत्त्यावर इंजिनिअर किती दिवसांत येतो. उत्तर मेलवरच मागा. ते "दोन ते तीन दिवस" म्हणाले तर नेक्स्ट बिझनेस डे चे जादा पैसे त्या शाखेसाठी भरू नका, साधा प्लॅन घ्या आणि वाचलेल्या पैशात सगळ्या शाखांसाठी मिळून एक तयार पीसी मुख्य ऑफिसात ठेवा, सॉफ्टवेअर घालून, प्रिंटर जोडून तपासून. सकाळच्या पहिल्या एसटीनं सुद्धा तो पोचतो.

पुढच्या वेळी फोन करताना मात्र केस नंबर आणि वेळ लिहून ठेवा. फोनवर "तपासून सांगतो" म्हणाले आणि दोन दिवस सांगितलंच नाही तर तो उशीर त्यांचा, आणि ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

सर, मी एका सौहार्द सहकारी संस्थेत सेक्रेटरी आहे. लॅपटॉपची हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून देताना इंजिनिअर जुनी डिस्क परत घेऊन जातो म्हणाला. त्यात सभासदांची खाती, आधार, पॅनच्या कॉपी, सगळं आहे. मी दिली नाही तर तो म्हणतो नव्या डिस्कचे पैसे भरा. दोन दिवस झाले, डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काय करावं?
— बेळगावची एक वाचक

ताई, दिली नाहीत ते फार चांगलं केलंत. डिस्क बंद पडली म्हणजे त्यातला डेटा गेला असं नसतं, नीट अवजारं असलेला माणूस बऱ्याचदा तो काढू शकतो. सभासदानं तुमच्या विश्वासावर आधार-पॅनची कॉपी दिलीय, ती कुठल्या गोडाऊनमध्ये कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला ठाऊक नसताना द्यायची कशी? आणि आता तो नुसता सचोटीचा प्रश्न राहिलेला नाही, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा 2023 मध्ये माहितीची योग्य सुरक्षा ठेवली नाही तर 250 कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या संस्थेला एवढा लागेल असं मी म्हणत नाही, पण जबाबदारी संस्थेची आहे, इंजिनिअरची नव्हे.

इंजिनिअरही त्याच्या जागी खोटं बोलत नाहीय. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीचा होतो, हाच सगळीकडचा नियम आहे. त्यावर उपाय कंपन्यांनीच काढलाय. डेलकडं "कीप युवर हार्ड ड्राइव्ह" आणि लेनोव्होकडं "कीप युवर ड्राइव्ह" नावाचा जोड मिळतो, एचपीकडं तोच "डिफेक्टिव्ह मीडिया रिटेन्शन" म्हणून, आणि तो घेतला की खराब डिस्क तुमच्याकडंच राहते. संस्था, दवाखाना, सीए, वकील यांनी बाकी काही घेतलं नाही तरी हा घ्यावा असं मी आवर्जून सांगेन. अपघाती कव्हर एक वेळ सोडा, हा सोडू नका. एक मात्र बघा, हल्लीच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच जोडलेलं असतं, निघतच नाही, तिथं या जोडाचा उपयोग काय ते आधी विचारा, नाहीतर तसलं मॉडेलच संस्थेसाठी घेऊ नका.

आत्ताच्या डिस्कचं म्हणाल तर पैसे भरून ती ठेवून घ्या, समितीपुढं ठराव करून. खर्च नव्या डिस्कचा आहे, तेवढा सोसेल. नंतर ती मोडून टाकायची, हार्ड डिस्क असेल तर ड्रिलनं आरपार भोकं पाडा, एसएसडी असेल तर आतल्या काळ्या चिपा फुटल्या पाहिजेत, नुसतं वरचं कव्हर वाकवून काही होत नाही. कोणासमोर मोडली त्याची दोन ओळींची नोंद सह्यांसकट ठेवा.

आणि सगळ्या मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावायची विंडोजमधलीच सोय) चालू करा म्हणजे पुढं डिस्क बाहेर गेली तरी वाचता येणार नाही. त्याला विंडोज प्रो लागतं, होम व्हर्जनमध्ये ते पूर्ण मिळत नाही, नवीन खरेदी करताना हे बिलावर बघून घ्या. बिटलॉकर लावला की 48 आकडी रिकव्हरी की मिळते, ती छापून तिजोरीत. का सांगतो, कारण उद्या वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की मशीन सुरू होताना तीच की मागतं, नसली तर डिस्क चांगली असूनही तुमचा डेटा तुम्हालाच मिळत नाही. इंजिनिअर तोवर "काम झालं" म्हणून सही घेऊन गेलेला असतो. त्यामुळं सही करायच्या आधी मशीन पूर्ण चालू करून, लॉगिन करून बघायचंच.

निपाणीहून लिहितोय. आमचे 25 सेल्समन कोल्हापूर, सांगली, इकडं गोकाक-अथणीपर्यंत फिरतात. सगळ्यांना कंपनीचे फोन दिलेत, काही अँड्रॉइड, थोडे आयफोन, सगळ्यांवर एमडीएम (सगळे फोन ऑफिसातनं सांभाळायचं सॉफ्टवेअर) घातलंय. स्क्रीन फुटणं तर दर महिन्याचं झालंय. एकानं सोडून जाताना फोन परत दिला, खरं तो त्याच्या स्वतःच्या ॲपल आयडीवर लॉक आहे, सर्व्हिस सेंटरवाले हात लावेनात. मोबाईलवर प्लॅन घ्यावा का?
— वितरण व्यवसाय, निपाणी

यात दोन वेगळी दुखणी आहेत.

लॉकचं आधी. ॲक्टिव्हेशन लॉक असलेला आयफोन दुरुस्तीला घेत नाहीत, कितीही भारी प्लॅन असला तरी नाही. त्या पोराला फोन करून गोडीनं लॉक काढायला सांगा, त्याला तुमच्या दारात यावं लागत नाही, तो त्याच्या फोनवरनं किंवा वेबवरनं तुमचा फोन त्याच्या खात्यातनं काढू शकतो. तो ऐकेना तर कंपनीच्या नावाचं मूळ बिल घेऊन ॲपलकडं लॉक काढायचा अर्ज करता येतो, बिलावर सिरियल नंबर किंवा आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) असला पाहिजे. इथून पुढं आयफोन ॲपल बिझनेस मॅनेजरला (कंपनीचे आयफोन सांभाळायची ॲपलची सोय) जोडून देणाऱ्या विक्रेत्याकडनंच घ्या, म्हणजे असल्या वेळी लॉक कंपनीला काढता येतो. अँड्रॉइडचं तसंच, आधीचं गूगल खातं न काढता रिसेट केला तर फोन बऱ्याचदा तेच खातं मागत बसतो. माणूस सोडून जाताना शेवटच्या पगाराच्या आधी फोन तुमच्यासमोर रिसेट झाला पाहिजे, हे एचआरच्या यादीत घाला.

आता प्लॅन. 25 फोनपैकी आयफोन असतील त्यांच्यावर अपघाती कव्हर घ्या, कारण त्यांची स्क्रीन बदलणं प्लॅनशिवाय फार महाग पडतं. साध्या अँड्रॉइडवर, ज्यांची किंमतच 12-15 हजार आहे, मी घेणार नाही. प्रत्येक क्लेमला वर फी लागते, फोन दोन-चार दिवस सेंटरला जातो, तेवढ्यात सेल्समनचा बीट (ठरलेली फेरी) बुडतो. त्यापेक्षा चांगलं जाड कव्हर, काच, आणि तीन फोन तयार ठेवलेले. फुटला की सीम काढून दुसऱ्यात घालायचा, एमडीएमनं ॲप्स आपोआप येतात, फुटलेला सावकाश दुरुस्त होऊ दे.

दुरुस्तीहून आलेल्या फोनचा आयएमईआय स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून बघायची सवय लावा. बोर्ड बदलला नाहीतर फोनच बदलून दिला तर नंबर बदलतो, आणि एमडीएममध्ये अजून जुनाच फोन दिसत असतो, नवा आपोआप चढत नाही. विंडोज लॅपटॉप ऑटोपायलटवर (कंपनीच्या सेटिंग आपोआप चढवायची मायक्रोसॉफ्टची सोय) असतील तर त्यांचंही तेच, मदरबोर्ड बदलला की जुनी नोंद काढून नवी करायला लागते. सर्व्हिसवाला हे करत नाही, तुमच्या आयटीवाल्यानंच करायचं.

चोरी बहुतेक दुरुस्ती प्लॅनमध्ये येत नाही. फोन चोरीला गेला तर पोलिसात तक्रार, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर (चोरीचे फोन बंद करायची यंत्रणा) मध्ये बिल आणि तक्रारीची कॉपी घालून आयएमईआय ब्लॉक, त्याच वेळी एमडीएमवरनं फोन पुसून टाकायचा. चोरीचं कव्हर हवंच असेल तर विमा कंपनीकडची इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी विचारा, फक्त ऑफिसच्या बाहेर नेली जाणारी मशीनं त्यात वेगळी लिहून घ्यायला लागतात, ते विसरलं की क्लेम गेला.

बॅटरी फुगून टचपॅड वर आलंय. तीन वर्षांची वॉरंटी आहे, दीड वर्ष झालं. बॅटरीला पैसे मागतात.
— कॉलेज ऑफिस, चिकोडी

बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी एकच वर्ष असते, मशीनची तीन असली तरी. तीन वर्षांचं बॅटरी कव्हर वेगळं मिळतं, ते घेताना घ्यायचं असतं. पण फुगलेली बॅटरी हा धोक्याचा विषय आहे, त्या मुद्द्यावर कंपनीला फोटोसकट लिहून बघा, काही वेळा देतात. आणि तो लॅपटॉप आजच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून टचपॅड बसवायला तर अजिबात जाऊ नका.

शहापुरात आमचं कापडाचं दुकान आणि वरती ऑफिस. 9 पीसी, दोन प्रिंटर, सगळे जुने. गल्लीतला ओळखीचा मुलगा वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) करतो म्हणतो, कंपनीच्या प्लॅनपेक्षा निम्म्यात. बोलावलं की तासात येतो, स्वभावानं पण चांगला आहे. द्यावी का त्याला?
— एक व्यापारी, शहापूर

द्या की. जुन्या मशीनवर कंपनीचा प्लॅन तसाही मिळणार नाही, आणि तासात येणारा माणूस ही तुमच्यासारख्या दुकानाला सगळ्यात मोठी गोष्ट. फक्त कागद करा. एएमसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह ते पहिलं लिहून घ्या, म्हणजे पार्टचे पैसे त्यातच का तुम्ही वेगळे देणार. निम्म्या पैशात म्हणतोय म्हणजे बहुतेक नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह असणार, नुसती त्याची मजुरी, ते काही वाईट नाही, उलट जुन्या मशीनला तेच बरं, कारण कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पार्ट स्वतःच्या खिशातनं घालायचा असल्यामुळं माणूस जुनापाना पार्ट बसवायला बघतो. पार्ट नवीन का वापरलेला, त्यावर किती महिन्यांची हमी, प्रिंटरचा ड्रम-टोनर धरलाय का, वर्षात किती वेळा येऊन साफसफाई करणार, एवढं एका पानावर.

पण दोन गोष्टी एएमसीनं सुटत नाहीत. जुन्या पीसीवर विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, सुरक्षेचे अपडेट आपोआप फुकट येणं बंद. बिलिंग आणि बँकेचं काम ज्या एक-दोन पीसीवर होतं ते तरी बदला. दुसरं म्हणजे लाईट. आपल्याकडं हेस्कॉमची लाईट गेली की येताना झटका देऊन येते, आणि जळालेला पार्ट ना वॉरंटीत ना एएमसीत. चांगला यूपीएस आणि नीट अर्थिंग, या खर्चात हात आखडू नका. त्या पोरालाच सांगा अर्थिंग मोजून द्यायला.

संकेश्वरजवळ आमचं युनिट आहे. कोल्हापूरचा डीलर लॅपटॉप आणि प्लॅन दोन्ही स्वस्तात देतोय. बेळगावातनं घ्यावं का तिकडनं? सर्व्हिसला अडचण येईल का?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

सर्व्हिसला अडचण नाही. कंपनीचा प्लॅन भारतभर चालतो, मशीन कोल्हापुरात घेतलं म्हणून बेळगावचा इंजिनिअर नाही म्हणू शकत नाही. फक्त प्लॅन "कंपनीचा" आहे का "डीलरचा स्वतःचा" ते बघा, डीलरचा असेल तर प्रत्येक वेळी मशीन घेऊन कागल ओलांडून जावं लागेल.

गोची बिलात असते. तुमचा जीएसटी नंबर कर्नाटकाचा, 29 नं सुरू होणारा. तो बिलावर असलाच पाहिजे आणि माल तुमच्या युनिटला पोचवून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लावलेलं बिल पाहिजे, मग क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळतं. काउंटरवर उचलून महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागलेलं बिल घेऊन आलात तर त्याचं क्रेडिट तुम्हाला इकडं नाही, आणि 18 टक्के गेले म्हणजे स्वस्त कुठं राहिलं? प्लॅनचं बिल वेगळं येत असेल तर त्यावरही नंबर बघा. दुरुस्तीला एकदम बरीच मशीनं तिकडं पाठवायची वेळ आली आणि किंमत 50,000 च्या वर असली तर डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल करूनच टेम्पो हलवा, विक्री नसली तरी लागतं.

कंपनीनं क्लेम नाकारला तर ग्राहक मंचात जाता येतं ना?
— मच्छे औद्योगिक वसाहत

याचं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यावसायिक कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा यांचा खरेदीदार "ग्राहक" धरत नाहीत. एकट्यानं स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणाऱ्याला सूट आहे, म्हणजे स्वतः बसून डीटीपी करणारा माणूस जाऊ शकतो, पण 60 कामगारांच्या प्रायव्हेट लिमिटेडनं फॅक्टरीसाठी घेतलेल्या लॅपटॉपचं प्रकरण तिथं टिकणं अवघड. म्हणून तुमचं बळ खरेदीच्या आधीच असतं. पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा, प्लॅनचं पूर्ण नाव, मुदत, पिनकोडप्रमाणं इंजिनिअर येण्याची वेळ, डिस्क आमच्याकडं राहणार, आणि प्लॅन सिरियल नंबरवर चढलेला दिसल्यावरच शेवटचे 10 टक्के पैसे. डीलर आधी कुरकुर करेल, पण ऑर्डर हवी असते त्याला, सही करतो.

नाकारलेल्या क्लेमचं कारण नेहमी लेखी मागा, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते सकट. ते आलं की डीलरला सोबत घेऊन कंपनीच्या वरच्या माणसाला मेल टाका, कॉल सेंटरला नव्हे, कारण पुढच्या वर्षीची 30 मशीनं कुणाकडनं घ्यायची ते त्या वरच्या माणसाला महत्त्वाचं असतं.